मागण्याआधी मिळालेली माफी

अण्णा,

अकरा वर्षं मी कोर्टाच्या दाराशी कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो आहे. कुणाच्या बांधाचं भांडण, कुणाची मारामारी, कुणाची सून नांदायला येत नाही, सगळ्यांसाठी माझ्याकडे मायना तयार असतो. तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. तुम्हाला लिहायला बसलो, तर पहिली ओळ सुचायलाच अर्धी सकाळ गेली. टाक दौतीत बुडवायचा, तो वाळायचा, पुन्हा बुडवायचा. शेवटी म्हटलं, मायना नकोच. तुम्ही मला जी हाक मारायचात ती आठवून सरळ बोलायला लागतो.

तम्मुडू. तेलुगूत धाकट्या भावाला तम्मुडू म्हणतात, हे साखर पेठेतल्या हातमागाच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी मला तुमच्याकडून कळलं. मी बार्शीकडून आईला घेऊन आलेला, मराठी सहावी झालेला आणि त्या सहावीचा फार तोरा असलेला पोरगा. तुम्ही चौदा मागांवरचे थोरले कारागीर. तुमच्या हातच्या लुगड्याचा काठ बघायला इतर कारखान्यांतले लोक निमित्त काढून यायचे. मालकसुद्धा तुमच्याशी बोलायचं असलं की आधी बाहेर जाऊन पान थुंकून यायचा. मी तुम्हाला अण्णा म्हणायला लागलो ते सगळे म्हणत होते म्हणून. मनापासून म्हणायला लागलो ते फार पुढे, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आपल्या कारखान्यात एक रीत होती, आणि ती तुम्ही पाडलेली होती. विणताना तार चुकली, काठ बिघडला, तर ज्याची चूक त्यानंच त्या जागी काठाला तांबडा दोरा बांधायचा. दोरा दिसला की कुणी काही विचारायचं नाही, हसायचं नाही, मालकानं मजुरीही कापायची नाही. लुगडं दुसऱ्या ढिगात जायचं आणि विषय तिथंच संपायचा. पण चूक घडीत दडवून कुणी लुगडं पुढे सारलं, तर तुम्ही त्या माणसाशी दिवसभर बोलत नसायचात. माणसं तुमच्या रागापेक्षा त्या गप्पपणाला जास्त भ्यायची. त्या तांबड्या दोऱ्याची एक छोटी लड तुमच्या बंडीच्या वरच्या बटणाला कायम गुंडाळलेली असायची.

त्या दिवशी माझ्या काठात तीन तारा चुकल्या होत्या. मला ठाऊक होतं. मी दोरा बांधला नाही, घडी घातली. तुम्ही येऊन नुसती बोटं फिरवलीत आणि थांबलात. मग बटणाचा दोरा तोडून, सगळ्यांच्या देखत, माझ्या लुगड्याला तो तुम्हीच बांधलात. हे तुमच्याच रीतीबाहेरचं होतं. कुणीतरी हसलं. कोण हसलं ते मला आजही माहीत नाही, पण ते हसू अजून ऐकू येतं.

दुपारी सगळे अंगणात भाकरी खायला बसले. तुम्ही आत एकटेच माझा माग बघत होता, तार कुठं चुकते ते शोधत होता, माझ्याचसाठी. मी आत आलो. काय बोललो ते तुम्हाला आठवत असेल, मला आठवायचं नाही. तुम्ही वळलात. माझ्या हातात आडवं सूत टाकायचा लाकडी धोटा होता. त्याच्या टोकाला लोखंडी टोपी असते, हे मागावर बसणाऱ्याला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

ओरडणं ऐकून लोक धावत आले तेव्हा तुम्ही खाली होता आणि मी भिंतीला चिकटून उभा होतो. धोटा कधीच मागाखाली गेला होता. कुणीच काही बघितलेलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात फौजदारानं तुमचा जबाब घेतला तेव्हा तुम्ही खरं ते सांगितलंत, धोटा मारला म्हणून. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की उजवा डोळा गेला. त्याच दिवशी माझ्या हातात बेड्या पडल्या.

पुढचं मला माझ्या वकिलांकडून कळलं, तेही बऱ्याच वर्षांनी. आईनं हातापाया पडून केलेले वकील ते. डोक्याला पट्टी बांधून तुम्ही एका संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलात. विरुद्ध बाजूचा फिर्यादी आपल्या दारात बघून वकील घाबरलेच. तुम्ही म्हणालात, फिर्याद काढून घ्यायची आहे. त्यांनी तुम्हाला समजावून सांगितलं की साधी दुखापत असेल, हातानं ढकललं, मारलं असेल, तर ज्याला लागलं तो राजीनामा देऊ शकतो. आपसातल्या समेटाच्या कागदाला कोर्टात राजीनामा म्हणतात. दुखापत भारी असेल तर कोर्टाची परवानगी लागते, पण मिळते. मात्र घातक हत्यारानं मारलं असेल तर त्यात समेट नाही. मग फिर्यादी सरकार, तुम्ही नुसते साक्षीदार. तुमच्या मनात असो नसो, खटला चालायचा.

"डोळा माजा," तुम्ही म्हणालात, "आन् माफी सरकारची?"

वकील म्हणाले, होय. कारण माफी जर ज्याच्या-त्याच्या हातात दिली, तर बलवान माणूस दुबळ्याच्या नरड्यावर पाय देऊन ती वसूल करील. हे तुम्हाला पटलं नाही. पण तुम्ही वाद घातला नाहीत. उठताना एवढंच विचारलंत, "आन् नुस्तं ढकललं असंल तर?" वकील म्हणाले, मी काही ऐकलं नाही, तुम्ही घरी जा.

अण्णा, तुम्ही जातीच्या पंचांत बसणारे. शपथेवर खोटं बोलणाऱ्याला तुम्ही दोनदा पंगतीतून उठवलं होतंत. देवळात गेलात तरी बोललेला नवस फेडणं जमेल का, असा आधी हिशेब करणारे तुम्ही. आणि तुम्ही साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून, देवाची शपथ घेऊन सांगितलंत की याच्या हातात काही नव्हतं, यानं ढकललं आणि मी मागाच्या खिळ्यावर पडलो. मॅजिस्ट्रेट साहेबांनी पोलिसांचा कागद वर करून विचारलं की मग हे काय. तुम्ही म्हणालात, दुखत होतं, काय बोललो ठाऊक नाही. साहेब चिडले. भर कोर्टात त्यांनी तुम्हाला सुनावलं की तुमच्यासारख्या दोन तोंडांनी बोलणाऱ्या माणसांमुळे न्यायाचा खोळंबा होतो. तुम्ही मान खाली घातली नाहीत. एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघत राहिलात. मग त्यांनी विचारलं, हा तुमचा कोण लागतो.

"तम्मुडू हाय," तुम्ही म्हणालात. "धाकटा भाऊ."

डॉक्टर म्हणाले, जखम दोन्ही प्रकारे होऊ शकते. बघणारा कुणी नव्हता. कलम बदललं, राजीनाम्याला परवानगी मिळाली. आणि कायदा असा आहे, अण्णा, की समेट झाला की आरोपी निर्दोष सुटतो. नुसता सुटत नाही, निर्दोष सुटतो. मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही की बाबा रे, तू केलंस की नाही. तुम्ही अंगठा उठवलात, मी मोठ्या ऐटीत सही केली, आणि साहेबांनी पुढचा खटला पुकारायला सांगितला. बाहेर तुम्ही समोरून येत होता. मी तुमच्या पायाशी वाकायला हवं होतं. मी आईचा हात धरून दुसऱ्या दारानं निघून गेलो.

आईनं गल्लीत साखर वाटली. म्हाताऱ्यानं माझ्या लेकरावर खोटा आळ घेतला होता, कोर्टात तोंडावर पडला, असं ती घरोघर सांगत फिरली. आणि मी ते ऐकत बसलो. पेठेत निम्मे लोक म्हणायचे की तुम्ही पोलिसांना खोटं सांगून पोराला अडकवलंत. उरलेले म्हणायचे की कोर्टात खोटं बोललात, नक्कीच काहीतरी घेतलं असणार. दोन्हीकडून खोटे तुम्हीच. तुम्ही पंचांना सांगितलंत की यापुढं मी बसणार नाही. त्यांनी कारण विचारलं, तुम्ही दिलं नाहीत. शपथेवर खोटं बोललेल्या माणसानं दुसऱ्याचा न्याय करायचा नाही, हे तुमचं कारण होतं, पण लोकांना वाटलं की चोराच्या मनात चांदणं आहे. एका डोळ्यानं काठ विणता येईना. चौदा मागांवरचा थोरला कारागीर घराच्या पडवीत बायकोशेजारी, लक्ष्मक्कांशेजारी, बसून धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायला लागला. ते काम पेठेत बायका करतात, म्हाताऱ्या करतात. तुम्ही बारा वर्षं केलंत.

मला कारखान्यात कुणी घेतलं नाही. सहा महिने मी रिकामा हिंडत होतो. अमावस्येला माग बंद असायचे, त्या दिवशी मी तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तुम्ही येऊन शेजारी बसलात. मला वाटलं आता मारताय. तुम्ही फडकं सोडलंत, कडक भाकरी मोडलीत आणि अर्धी माझ्या हातावर ठेवलीत, वर शेंगाच्या चटणीचा गोळा. बराच वेळ दोघांच्या दातांखाली भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा येत होता. मग तुम्ही म्हणालात की तुझं अक्षर चांगलं आहे, कोर्टाबाहेर अर्ज लिहायला बस. मी म्हटलं, ज्या कोर्टातून सुटलो त्याच कोर्टाच्या दारात? तुम्ही म्हणालात, "तितंच बसायचं. रोज बगायचं."

तुमच्या त्या अर्ध्या भाकरीवर माझा संसार उभा आहे, अण्णा. हे उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही. पुढं अकरा वर्षं प्रत्येक अमावस्येला दुपारी आपण त्या पायऱ्यांवर बसलो. एवढ्या वेळात मी एकदाही 'मला माफ करा' म्हटलं नाही. मी मागण्याआधीच तुम्ही देऊन मोकळे झाला होता, आता मागायचं काय, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे जीभ रेटत नव्हती.

एकदा मात्र मी भांडलो. म्हटलं, तुम्ही मला तुरुंगात जाऊ द्यायला हवं होतं. दोन-चार वर्षं खडी फोडली असती, फेडून मोकळा झालो असतो. आता हे कधी फिटायचं? तुम्ही हसलात. म्हणालात, मला मोकळं कुणी केलंय? मी रीत मोडली, दुसऱ्याच्या चुकीला दोरा बांधला, चारचौघांत तुझी अब्रू घेतली. मला त्याचा राग आला. मी म्हटलं, माझ्या पापात वाटेकरी होऊ नका, ते माझं आहे. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघितलंत, जशी काठावरची एखादी तार बरोबर बसलेली बघायचात तशी.

मग मी म्हटलं की मी पेठेत सगळ्यांना खरं सांगतो. तुम्ही नको म्हणालात. तोवर मीही कायदा थोडाफार शिकलो होतो, तुम्ही काय म्हणणार ते मला कळत होतं. मी खरं बोललो की तुम्ही शपथेवर खोटं बोललात हे उघडं पडणार, आणि खोट्या साक्षीबद्दल तुम्हालाच तुरुंग. डोळा तुमचा गेला आणि बेड्याही तुम्हालाच. तुम्ही म्हणालात, "मी हाय तवर गप ऱ्हा. मी गेल्यावर तुजं तू बग."

तुमचा हा शब्द मी पाळला. फार खुशीनं पाळला, हेही आता कबूल करतो. मला गप्प बसायला कारण हवं होतं, ते तुम्ही आयतं दिलंत.

आणि ती बाई, अण्णा. दक्षिणेकडच्या खेड्यातली, मेंढरं राखणाऱ्यांची. दिरानं मारलं होतं. सासरची चार माणसं तिला घेऊन माझ्यासमोर आली, राजीनामा लिहा म्हणाली. ती डोक्यावरचा पदर पुढं ओढून बसली होती. मी तिचं तोंडही बघितलं नाही. 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' असं सुरेख अक्षरात लिहिलं. तिनं अंगठा दिला, कोर्टात विचारल्यावर मान हलवली, झालं. दीड महिन्यानं ती एकटीच आली. डावा हात गळ्यात बांधलेला. मला म्हणाली, आता दुसरा कागद लिवा.

हे मी तुम्हाला पायऱ्यांवर सांगितलं तेव्हा तुम्ही भाकरी फडक्यात परत गुंडाळलीत.

"माफी तिनं दिली, का तू लिवलीस?"

एवढं विचारून तुम्ही उठून गेलात. पुढची अमावस्या तुम्ही आला नाहीत. त्याच्या पुढच्या खेपेला आलात तेव्हा आधी म्हणालात, त्या वकिलाचं बरोबर होतं. सरकार माफी आपल्या हातात ठेवतं ते उगाच नाही. दुबळ्याच्या तोंडून माफी वदवून घेणं सगळ्यात सोपं. मग थोड्या वेळानं म्हणालात, पण माझंही चूक नव्हतं. ही दोन वाक्यं एकत्र कशी बसवायची, यावर आपण पुढची कितीतरी वर्षं बोलत राहिलो, आणि ती काही बसली नाहीत.

त्या बाईनंतर मी माझ्यापुरता एक नियम केला. राजीनामा लिहायच्या आधी ज्याला लागलं त्याला बाजूला नेऊन एकट्याला विचारायचं. आणि ज्यानं मारलं त्यानं त्याच्यासमोर उभं राहून, मी काय केलं, ते तोंडानं सांगायचं. सांगणार नसेल तर दुसरा लेखनिक बघ, समोर चार बसलेत. पुष्कळ गिऱ्हाईक गेलं. पण जे राहिले त्यांच्यातली काही माणसं ते बोलताना ढसाढसा रडलेली मी बघितली आहेत. पुढं एकदा मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात म्हटलं की कोर्टानंसुद्धा हेच करावं. राजीनामा मंजूर करण्यापूर्वी आरोपीला एक प्रश्न विचारावा, केलंस का. तुम्ही शेंगदाणा चघळत होता. चघळणं थांबवून म्हणालात, "तुला इचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस?"

मी तळ्यातल्या पाण्याकडे बघत बसलो. तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत. दुसऱ्यांना पोपटासारखं बोलायला लावणारा मी, माझ्या स्वतःच्या वेळेला मुका. लोकांची कबुली मी वर्षानुवर्षं ऐकली, म्हणजे जणू माझीही होऊन गेली, अशी मी मनाची समजूत घालत होतो. तुम्हाला ते कळत होतं. तुम्ही मला सोडलं होतंत, पण डोळ्याआड केलं नव्हतंत.

गेल्या महिन्यात तुम्ही पायऱ्यांवर आला नाहीत, म्हणून मी घरी आलो. दुसऱ्या डोळ्यानंही दिसेनासं झालं होतं. मी आलोय हे तुम्ही चपलेच्या आवाजावरून ओळखलंत. लक्ष्मक्कांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला, नेहमीसारखा, न बोलता. बारा वर्षांत त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. माफी तुम्ही दिलीत, पण पडवीत कांड्या भरणारा नवरा रोज डोळ्यासमोर त्यांना बघावा लागत होता. त्यांना कुणी विचारलं होतं? तुम्हीसुद्धा नाही विचारलं, अण्णा. एवढी एक तक्रार माझी तुमच्याबद्दल आहे, आणि ती माझ्या तोंडी शोभत नाही हेही मला ठाऊक आहे.

तुम्ही माझा हात हातात घेऊन बोटं चाचपत होता. अजून शाई लागते का बोटांना, असं विचारलंत. मी म्हटलं, लागते. मला त्या वेळी बोलायचं होतं. लक्ष्मक्का दारात उभ्या होत्या, मला वाटलं, त्या आत गेल्या की बोलू. त्या आत गेल्या नाहीत. त्यांच्यासमोर बोललो असतो तर तेच खरं बोलणं झालं असतं, हे मला आज कळतं. मी उद्या येतो म्हणून उठलो. चार दिवस कोर्टाच्या कामात गेले. पाचव्या दिवशी सकाळी गिरणीचा भोंगा झाल्यावर तुमच्या शेजारचा विणकर सायकलवरून निरोप घेऊन आला.

खांदा द्यायला मी पुढं झालो तेव्हा दोघं-तिघं कुजबुजले. म्हणाले, बघा, ज्याच्यावर खोटा आळ घेतला तोच खांदा देतोय, किती मोठं मन. अण्णा, तुमच्या ओझ्याखाली मी चालत होतो आणि माझी स्तुती चालली होती. त्या स्तुतीएवढा जड तुमचा देह नव्हता.

काल लक्ष्मक्का माझ्या घरी आल्या. माझ्या दारात त्यांचं पाऊल कधी पडेल असं मला वाटलं नव्हतं. आईनं पाट दिला, त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी पदराची गाठ सोडून माझ्यापुढं हात केला. हातात तुमच्या बंडीच्या बटणावरची तांबड्या दोऱ्याची लड होती. मागावरून उठल्यावरही तुम्ही ती काढली नव्हतीत.

"त्यांनी माफ केलं," त्या म्हणाल्या. "मी न्हाय केलं. परवा दहाव्याला समदी पेठ येनार. त्यांना खोटं म्हनत म्हनतच जेवनार. तू आदी बोल. मग पानावर बस."

आणि निघून गेल्या. मी आईकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं, आई, धोटा मी मारला होता. तिचा हात सुपात थांबला नाही. दोन खडे काढून तिनं बाजूला टाकले. मग म्हणाली, "मला ठावं हुतं रं. त्याच दिशी तुजं त्वांड बगून कळलं हुतं." मी म्हटलं, मग साखर का वाटलीस? सूप बाजूला सारून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. संध्याकाळी उठली आणि म्हणाली, परवा मी पण येते तुज्यासंगं. साखर मी वाटली हुती.

वकिलांना सकाळी विचारून आलो. ते आता थकलेत. म्हणाले, तुझ्यावर पुन्हा खटला व्हायचा नाही, पण कोर्टाच्या आवारात तुला बसू देतील असं वाटत नाही. खोटेपणा उघड झालेल्या माणसाकडून कोण अर्ज लिहून घेईल? मी विचारलं, आणि अण्णांना? ते चष्मा पुसत म्हणाले, गेलेल्या माणसाला समन्स लागत नाही. त्यांना आता कुणी काही करू शकत नाही.

माझी बसायची जागा जाईल, तर जाऊ दे. भीती वाटत नाही असं नाही. पोट कसं भरायचं हा विचार मनात येतोच. पण तुम्ही पंचांतली जागा सोडलीत, काठ सोडलात, नाव सोडलंत, आणि पडवीत बसून कांड्या भरल्यात. मला फक्त एक कडुनिंबाची सावली सोडायची आहे. तुमचं माझ्यावर किती ऋण आहे हे तुमच्या देखत बोलता आलं नाही, याचं दुःख मात्र आता जन्मभर राहील. त्याला राजीनामा नाही.

उद्या सकाळी तुमच्या अंगणात, चौदा मागांवरचे जे कुणी उरलेत त्यांच्यासमोर, पंचांसमोर, माझ्या आईसमोर आणि लक्ष्मक्कांसमोर मी हा कागद उभ्यानं वाचणार आहे. वाचून झाल्यावर त्या मला पानावर बस म्हणतील की नाही, ते त्यांचं आहे. नाही म्हणाल्या तर मी तसाच परत येईन. माफी मागितली की मिळालीच पाहिजे असं नसतं, हे त्यांनी मला शिकवलं. आणि मागितली नाही तरी मिळते, हे तुम्ही.

कागदाची घडी घातली आहे. घडीच्या काठाला तांबडा दोरा बांधला आहे, माझ्या हातानं. तुम्ही बांधायचात तशी गाठ मला येत नाही, दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. घडीवर वरून एवढंच लिहिलं आहे, अण्णा, आणि उद्या आधी हेच वाचणार आहे. तुम्ही पडला नव्हता. धोटा मी मारला. मला माफ करा.